मीठ तोडून सूज उतरत नाही

दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी घरांत सध्या एका ज्येष्ठ गृहस्थांचा सल्ला फिरतो आहे. गरोदर बाईच्या पायांवर सूज यायचीच, मीठ तोडा, पाणी कमी करा, पाय उशीवर ठेवा, डॉक्टरांची धन कशाला करता? गृहस्थ शिकलेले, चार लोकांत मान असलेले. म्हणूनच हे खोडून काढणं भाग आहे.

सूज यायचीच, हे बऱ्याच अंशी खरं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. वाढतं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देतं आणि पायांकडून वर जाणारं रक्त रेंगाळतं. संध्याकाळी घोटे सुजतात, रात्री आडवं झालं की सकाळपर्यंत बरेचसे उतरतात. इथवर भांडण नाही.

भांडण मिठापाण्याचं आहे. अंगातलं हे जादा पाणी चुकून साचलेलं नसतं. वाढलेलं रक्त, वार, बाळाभोवतालचं पाणी, सगळं त्यातूनच होतं. नेदरलँड्समध्ये गरोदर बायकांना कमी मिठाचं जेवण देण्याची जुनी पद्धत होती. १९९०च्या दशकात तिथल्याच डॉक्टरांनी चाचण्या घेतल्या. रक्तदाबाच्या त्रासाला त्याने आळा बसत नाही, असं दिसलं आणि पद्धत मोडीत निघाली. त्याआधी लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा प्रयोग झाला होता. सुमारे ७,००० बायकांवरच्या चाचण्यांचा आढावा १९८५ साली प्रसिद्ध झाला. सूज कमी झाली, पण बाळं वाचल्याचा पुरावा मिळाला नाही. जे डॉक्टरांनी करून पाहिलं आणि सोडलं, ते आपण दिवाणखान्यात बसून पुन्हा सुरू करायचं? आणि तेही दिल्लीत! मे-जूनमध्ये पारा ४५च्या आसपास जातो, लू वाहते. अशा दिवसांत पोटुशीचा पाण्याचा तांब्या मोजणं हा सरळ छळ आहे. पाणी कमी पडलं की चक्कर येते, लघवीची जळजळ मागे लागते, गरोदरपणात आधीच गोठण्याकडे झुकलेलं रक्त आणखी दाट होतं. शिवाय आपल्या मिठात आयोडीन असतं आणि बाळाच्या मेंदूला ते लागतं. लोणचं, पापड, फरसाण आवरा, जरूर आवरा. पण आमटी-भाजीतलं नेहमीचं मीठ काढून घेऊ नका.

सुजेवर म्हणून पुनर्नवेचा काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सुजेवरून मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्यांना घरात थारा नको.

‘आमच्या आया कुठे तपासायला जात होत्या?’ या प्रश्नावरून मी कितीदा वाद घातला आहे! डोहाळजेवणात पोटुशीला तासन्‌तास पाय लोंबकळत बसवू नका म्हटलं, तेव्हाही हेच ऐकलं. त्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत आहे. देशात दर लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ मध्ये ३०१ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ९७. हा फरक घरी बसून पडलेला नाही.

आता करायचं काय? डाव्या कुशीवर झोपा, थोडं चाला, फार वेळ उभं राहू नका. सूज चेहऱ्यावर, हातांवर चढली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर झटक्यांचा धोका असतो. सूज मुळीच नसतानाही हे होऊ शकतं, म्हणून नुसते पाय पाहून निदान करता येत नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, बहुधा डावी, तर शिरेत गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, तिथेही उशीर नको.

रक्तदाब आणि लघवी तपासायला पाच-दहा मिनिटं पुरतात. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर ही तपासणी मोफत होते. त्या दिवशी सुनेला, लेकीला घेऊन जा आणि घरी तिला पोटभर पाणी पिऊ द्या.