माझी खोक्यातली फौज

परवा भाऊसाहेब आले आणि टेबलावरची फौज पाहून म्हणाले, “नातवाची वाटतं?”

म्हटलं, “नाही, माझीच.”

त्यांनी चहा घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही!

आता सांगा, यात लाजायचं काय? पेराएवढा प्लास्टिकचा शिपाई. त्याला आधी अस्तराचा हात, मग पातळ रंगाचे दोन, शेवटी कोरड्या ब्रशानं कडा उजळायच्या. डोळा काढताना तर श्वास रोखावा लागतो. भाऊसाहेब त्यासाठी प्राणायामाच्या वर्गाची फी भरतात.

हा ‘वॉरहॅमर 40,000’ इंग्लंडात 1987 साली निघाला. लढाई एकेचाळिसाव्या सहस्रकातली, पण अंतर मोजायचं इंची टेपनं आणि मरण ठरवायचं फाशानं!

म्हणे पोरखेळ! अहो, मंगळावरच्यांची स्वारी लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सनी 1913 साली, चाळिशी उलटल्यावर, ‘लिट्ल वॉर्स’ हे खेळण्यातल्या लढायांचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, युद्धाची खुमखुमी असेल त्यांना ही खेळणी द्या. कोण ऐकतो? पुढच्याच वर्षी मोठ्या माणसांनी खरं महायुद्ध मांडलं. त्यातले शिपाई काही खोक्यात परत ठेवता आले नाहीत.

माझे मेलेले रविवारी पुन्हा उठतात. भाऊसाहेब मात्र रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून निम्म्या जगावर अणुबॉम्ब टाकतात आणि जेवायला घरी जातात.

दोघांत पोरकट कोण, ते तुम्हीच ठरवा. मला अजून सात जणांचे डोळे काढायचेत.