शिक्का कंपनीचा, दोष आईबापांचा

हिंसक व्हिडिओ गेमविषयी अमेरिकन सिनेटने १९९३ साली सुनावणी घेतली. कायदा येईल या धास्तीने उत्पादकांच्याच संघटनेने १९९४ साली वयोगटाचे शिक्के मारणारे मंडळ स्थापन केले. आरोपीच न्यायाधीश झाला! कॅलिफोर्नियाने २००५ साली अल्पवयीनांना असे खेळ विकणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे ७ विरुद्ध २ मतांनी रद्दबातल केला. उरला तो पालकांना उपदेश. परंतु दोन-दोन पाळ्या राबणाऱ्या आईने पाळत ठेवायची केव्हा? नफा खाजगी, जबाबदारी घरोघरची, ही भांडवलशाहीची जुनीच रीत. आम्हांस सेन्सॉरशिप नको. प्रौढांनी हवे ते खेळावे. मात्र मुलाच्या हाती माल देणाऱ्या विक्रेत्याने त्याचा जाब दिलाच पाहिजे.