सरकारचाही नंबर लागतो, तिचा नाही

'लिव्ह-इन' म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईतला फ्लॅट आणि घरच्यांशी भांडून आलेली दोन पोरं आठवतात. आमच्या हिंगोलीकडे हा शब्द कुणी वापरत नाही. इथे बाई 'पाटाची' असते, 'मोहतुराची' असते, आणि चिडलं की 'ठेवलेली' असते. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. पंचांसमोर काडीमोड, देवळात एक हार, कधी तेही नाही. मग पंधरा-वीस वर्षं हळद काढायची, गुरांचं बघायचं, अंथरुणावरच्या म्हातारीचं हगणं-मुतणं करायचं. आणि एक दिवस माणूस मृत्युपत्र न करता जातो.

तोवर ती सगळ्यांची वहिनी असते. तेरावा झाला की लोकांना प्रश्न पडतो, लग्नाची होती का?

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जरा उघडून बघा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आधी मुलं, विधवा, आई. ते नसतील तर वडील, मग भाऊ-बहिणी, पुतणे वगैरे. तेही नसतील तर बापाकडचे लांबचे भाऊबंद, मग आईकडचे. आणि कुणीच नसेल तर कलम २९ प्रमाणे सगळं सरकारजमा! ज्याने त्याला कधी पाहिलं नाही त्या चुलतचुलत भावाचा नंबर लागतो, सरकारचाही लागतो. भाकरी करून घालणारीचा लागत नाही, कारण 'विधवा' म्हणजे कायदेशीर लग्नाची विधवा.

वकील मित्र म्हणतील, अरे, दीर्घ सहवासावरून कोर्ट लग्न गृहीत धरतं. धरतं ना. १९७८ च्या बद्री प्रसाद खटल्यात पन्नास वर्षांच्या सहवासावरून धरलं. २०१५ च्या धन्नूलाल खटल्यात तर अशा बाईला वारसाही मिळाला. पण ते दिवाणी दाव्यात, साक्षीपुरावे होऊन. आमचा तलाठी (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी) वारस नोंदवायला गाव नमुना ६-क उघडतो, त्यात सहवासाचा रकाना नाही. शिवाय आधीचं लग्न कायद्याने शिल्लक असेल तर हे गृहीतक टिकत नाही. आणि टाकलेल्या बाईचं लग्न कुठे संपलेलं असतं? काडीमोडीला कायद्यात जागा आहे, पण तशी रूढी आपल्या जातीत आहे हे तिनेच सिद्ध करायचं. कुठल्या पंचांना घेऊन? ते तर केव्हाच वारले.

याच कायद्याने पुरुषाला कसं सोडवलं तेही बघा. १९६५ चा भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला. पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केल्याचा आरोप. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, होम नाही, सप्तपदी नाही, म्हणजे लग्नच लागलं नाही, मग द्विभार्येचा गुन्हा कसला? तो सुटला. अशा लग्नातल्या बाईचं काय, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

पोरांचं बरं आहे. रद्दबातल लग्नातून झालेल्या मुलांनाही बापाच्या वाट्यात हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ ला पक्कं केलं. पोराला वाटा मिळतो, आईला वाट दाखवतात.

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? पूर्वी असं नव्हतं. जुन्या हिंदू कायद्यात 'अवरुद्ध स्त्री' असा शब्द होता. पुरुषाच्या मरणापर्यंत त्याच्याजवळ राहिलेल्या रखेलीला त्याच्या मालमत्तेतून पोटगी मिळे. मुंबईच्या एका खटल्यात १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलनेही ते मान्य केलं होतं. मग १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा आला, त्यात मृताच्या आश्रितांची यादी झाली, आणि तिचं नाव त्या यादीत नाही. सुधारणा म्हणायचं याला! तिकडे इंग्लंडमध्येही लग्नाशिवायच्या जोडीदाराला आपोआप वारसा मिळत नाही. पण मरणाआधी दोन वर्षं एकत्र राहिले असतील तर निर्वाहापुरतं कोर्टाकडे मागता येतं.

'मग पहिल्या बायकोचं काय?' हा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळायचा नाही. माहेरी दिवस काढणारी ती पहिलीही त्याच माणसाने टाकलेली असते. तिचा हक्क काढून दुसरीला द्या असं मी म्हणतच नाही. जमीन वारसांच्या नावावर होऊ दे. पण राहतं घर आणि पोटापुरती रक्कम, मरेपर्यंत, त्या मालमत्तेतून तिला मिळाली पाहिजे. आश्रितांच्या यादीत एक ओळ वाढवली की झालं. आणि बहुतेक वेळा भांडायला येते ती पहिली बायको नसतेच हो, येतात ते भाऊ.

आमच्याच नात्यात हे घडलंय. नाव घेत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ते हा ब्लॉग वाचतात. त्याला ना बायको उरली होती, ना मूल. फेरफार झाला, सातबारावर भावांची नावं चढली. सगळं नियमात. मग शेतातल्या पत्र्याच्या खोलीचं कुलूप बदललं. आता ती त्याच गावात दुसऱ्याच्या रानात रोजाने निंदायला जाते.

काका, जमीन तुमची झाली, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ती खोली तिला राहू द्या. त्याला कुठलाच कायदा आड येत नाही.