शेवट ठाऊक असलेल्या कथा

दूरचित्रवाणीवरील एखाद्या मालिकेचे चाहते एकत्र जमले म्हणजे त्यांचे बोलणे बहुधा पात्रांभोवती फिरते. 1966 साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’चा चाहता अंतराळयानाच्या कप्तानाविषयी आणि त्याच्या सहकाऱ्यांविषयी घरच्या माणसांसारखे बोलतो. कोणत्या भागात काय घडले हे तो विसरला, तरी माणसे त्याच्या लक्षात असतात. याच्या अगदी उलट प्रकार ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या बाबतीत आढळतो. या मालिकेत दर आठवड्याला कथा नवी, पात्रे नवी आणि पुष्कळदा जगही नवे असे. कायम राहणारा एकच इसम म्हणजे सुरुवातीस व अखेरीस चार वाक्ये बोलून जाणारा निवेदक. त्यामुळे आपला आवडता भाग कोणता हे सांगावयाचे झाल्यास या मालिकेच्या चाहत्याला पात्राचे नाव घेऊन भागत नाही. “तो भाग आठवतो का, ज्यात एक मनुष्य...” असा प्रारंभ करून त्याला संपूर्ण कथाच सांगावी लागते. आवडीनिवडीच्या गप्पांना अशा रीतीने कथाकथनाचे स्वरूप येते. एका पिढीने पडद्यावर पाहिलेली कथा दुसऱ्या पिढीच्या कानी प्रथम अशा तोंडी रूपातच पोहोचते.

ही मालिका अमेरिकेत सीबीएस या प्रसारणसंस्थेने 2 ऑक्टोबर 1959 रोजी सुरू केली आणि 1964 च्या जूनमध्ये ती संपली. पाच हंगामांत मिळून 156 भाग झाले, आणि त्यांपैकी 92 भागांचे लेखन मालिकेचा जनक व निवेदक रॉड सर्लिंग याने स्वतः केले. उरलेल्यांत रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स बोमाँट या दोघांचा वाटा मोठा होता. चौथा हंगाम वगळता प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा होता, आणि जाहिरातींचा वेळ वजा जाता कथेच्या वाट्याला सुमारे पंचवीस मिनिटे येत. सर्लिंग 1975 साली वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी निवर्तला. परंतु पुनःप्रसारणांमुळे मालिका जिवंत राहिली. 1981 साली तिच्या नावाचे एक मासिक निघाले. 1982 साली मार्क स्कॉट झिक्री याने प्रत्येक भागाची साद्यंत माहिती देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1985, 2002 आणि 2019 या वर्षी तिचे नवे अवतारही आले. तथापि चाहत्यांच्या याद्यांत जे भाग पुनःपुन्हा येतात ते मुख्यतः मूळ कृष्णधवल मालिकेतीलच होत.

या याद्यांकडे वाङ्मयीन अभिरुचीचा एक पुरावा म्हणून पाहावयास हवे. शेकडो कथांतून काही निवडणे, त्या दुसऱ्याला सांगणे, त्याची निवड ऐकून आपली तपासणे, हे सारे टीकाव्यापाराचेच प्राथमिक रूप आहे, आणि ते कोणत्याही विद्यापीठाच्या अनुमतीवाचून चालते. म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही. मात्र ही निवड कोणत्या कसोटीवर होते हे पाहू गेल्यास एक गोष्ट खटकते. बहुतेकांची पहिली पसंती जाते ती अखेरच्या कलाटणीला. ज्या भागाचा शेवट अधिक अनपेक्षित, तो भाग अधिक श्रेष्ठ, असा एक अलिखित नियम या मंडळींत रूढ झालेला दिसतो. ही कसोटी अपुरी आहे, इतकेच नव्हे तर ती सर्लिंगच्या कर्तृत्वावर अन्याय करणारीही आहे.

असे का म्हणावयाचे, हे समजण्यासाठी मालिकेच्या जन्मामागील हकीकत ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 1955 च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला, आणि पुढील महिन्यात दोघा गोऱ्या आरोपींना ज्यूरीने निर्दोष ठरविले. या प्रकरणावरून सर्लिंगला दूरचित्रवाणीसाठी एक नाटक सुचले. ते 1956 च्या एप्रिलमध्ये ‘नून ऑन डूम्सडे’ या नावाने प्रसारित झाले. परंतु तोवर त्यातील मूळ आशय जवळजवळ नाहीसा झाला होता. दक्षिणेकडील गोऱ्या प्रेक्षकांचा रोष नको म्हणून घटनास्थळ उत्तरेकडील न्यू इंग्लंडमध्ये हलविण्यात आले आणि मारला जाणारा कृष्णवर्णीय न राहता कोणी एक परदेशी झाला. दोन वर्षांनी याच विषयावर त्याने पुन्हा एक नाटक लिहिले. त्याचीही गत निराळी झाली नाही. कथा मागील शतकातील नैर्ऋत्य अमेरिकेत ढकलली गेली आणि बळी मेक्सिकन ठरला. ज्याच्या पैशावर कार्यक्रम चालतो तो जाहिरातदार लेखकाची लेखणी कशी धरतो, याचा हा धडा होता.

त्यानंतर सर्लिंग परग्रहांकडे आणि भुताखेतांकडे वळला, हे काही योगायोगाने घडले नाही. जे शब्द सिनेटरच्या तोंडी चालत नव्हते ते मंगळावरच्या माणसाच्या तोंडी चालून गेले. मालिका सुरू होण्यापूर्वी थोडेच दिवस, एका मुलाखतीत, अर्ध्या तासाचे हे भाग समाजावर टीका करण्यासाठी नाहीत असे त्याने सांगितले होते. पुढील पाच वर्षे त्याने जे लिहिले ते पाहता, हे उद्गार म्हणजे पहारेकऱ्याची समजूत घालण्याचाच प्रकार होता असे मानण्यास जागा आहे. अद्भुताचा वेष हा त्याने सत्य आत नेण्यासाठी घेतलेला होता. अशा वेळी प्रेक्षकाने केवळ वेषच लक्षात ठेवला आणि आत आलेल्या पाहुण्याला ओळखले नाही, तर जाहिरातदारांनी जे 1956 साली बळाने साधले तेच चाहत्यांनी प्रेमाने साधले असे म्हणावे लागेल.

4 मार्च 1960 रोजी प्रसारित झालेला ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. एका साध्या गल्लीवरून आकाशात काही तरी लखलखत जाते आणि पाठोपाठ वीज, दूरध्वनी, मोटारी सारे बंद पडते. गोष्टींच्या पुस्तकांत वाचल्याच्या आधारावर एक मुलगा सांगतो की, परग्रहावरचे लोक येण्यापूर्वी माणसासारखे दिसणारे एक कुटुंब आधीच पाठवून देतात. एवढ्यावरून शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. एकाची मोटार आपोआप सुरू होते म्हणून तो गुन्हेगार ठरतो. रात्री झोप येत नाही म्हणून तो आकाशाकडे पाहत उभा राहतो, हाही त्याच्याविरुद्ध पुरावा होतो. अखेर अंधारातून परतणाऱ्या एका शेजाऱ्याला गोळी घातली जाते आणि गल्ली स्वतःच्याच हातांनी उद्ध्वस्त होते. हे सर्व दूरच्या टेकडीवरून दोन परग्रहवासी पाहत असतात, असे शेवटच्या दृश्यात कळते. चाहत्यांच्या कथनात हे शेवटचे दृश्य रंगवून सांगितले जाते. परंतु परग्रहवासीयांनी केले काय, तर दिवे मालवले. बंदूक त्यांनी झाडली नाही, की कोणाच्या खिडकीवर दगड फेकला नाही. सारे खापर त्यांच्या माथी फोडणारा श्रोता गल्लीला दोषमुक्त करतो, आणि तिच्याबरोबर स्वतःलाही. ज्या देशात काही वर्षांपूर्वीच मॅकार्थीच्या नावाने शेजाऱ्यावर संशय घेण्याला देशभक्तीचे रूप आले होते, त्या देशात हा भाग लिहिला गेला हे विसरून चालणार नाही. आणि असा संशय केवळ त्याच देशाची मिरास आहे असेही नाही.

कलाटणीची कसोटी किती तोकडी आहे हे पाहण्याचा दुसरा मार्ग भाषांतराचा. 2 मार्च 1962 चा ‘टू सर्व्ह मॅन’ हा डेमन नाइटच्या कथेवर आधारलेला भाग जवळपास प्रत्येक यादीत असतो. कॅनॅमिट नावाचे नऊ फूट उंचीचे परग्रहवासी पृथ्वीवर येऊन भूक आणि युद्ध यांचा अंत करतात. त्यांचा एक ग्रंथ संकेतलिपीतज्ज्ञांच्या हाती पडतो. त्याचे शीर्षक प्रथम उलगडते आणि ते मानवाच्या सेवेविषयी आहे असे वाटून सर्वजण निःशंक होतात. पुढे कळते की तो पाकशास्त्राचा ग्रंथ आहे. इंग्रजीतील ‘सर्व्ह’ या क्रियापदाचे सेवा करणे आणि पानात वाढणे असे दोन अर्थ होतात, आणि सारी कलाटणी त्या श्लेषावर उभी आहे. हा भाग मराठीत सांगावयाचा तर प्रथमदर्शनी अडचण येते, कारण दोन्ही अर्थ वाहणारे एक क्रियापद मराठीत नाही. तथापि ‘सेव्’ या एकाच संस्कृत धातूपासून सेवा आणि सेवन हे दोन्ही शब्द सिद्ध होतात, आणि ते मराठीप्रमाणेच हिंदी, बंगाली आदी भाषांतही रुळलेले आहेत. शीर्षकाचे शेवटचे अक्षर लागले नाही म्हणून ‘मानवसेवन’ हे ‘मानवसेवा’ असे वाचले गेले, अशी योजना एखादा कल्पक भाषांतरकार सहज करू शकेल. म्हणजे श्लेष पार होईल. पण त्याने नेमके काय पार झाले? एक विनोद. कथेचा गाभा निराळाच आहे. फुकट मिळणाऱ्या सुखाच्या बदल्यात सैन्ये विसर्जित करणारी, हातांना काम उरलेले नसतानाही चिंता न करणारी आणि ग्रंथाचे नुसते शीर्षक वाचून समाधान पावणारी माणुसकी हा त्या कथेचा विषय आहे. शेवटचे एक वाक्य लक्षात ठेवून बाकीचा भाग विसरणारा चाहता त्या शीर्षकवाचकांच्या पंक्तीला जाऊन बसतो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, कलाटणी हा अर्ध्या तासाच्या कथेचा प्राणच आहे, ओ. हेन्रीच्या कथांतून ती काढून टाकली तर काय उरेल? आक्षेपात तथ्य आहे. 11 नोव्हेंबर 1960 च्या ‘आय ऑफ द बिहोल्डर’मध्ये कलाटणी हाच युक्तिवाद आहे. चेहऱ्यावर पट्ट्या बांधलेली एक स्त्री अकराव्या उपचाराचे फळ काय येते याची वाट पाहत असते. डॉक्टरांचे व परिचारिकांचे चेहरे दिग्दर्शक डग्लस हेज याने सावल्यांत दडवून ठेवलेले असतात. पट्ट्या निघतात तेव्हा आतून एक सुंदर मुख प्रकट होते, आणि भयभीत होऊन मागे सरणारे ते इतर सर्वजण डुकरासारख्या नाकांचे असतात. हा आघात पहिल्या खेपेलाच बसतो, हे खरे. परंतु दुसऱ्या खेपेला, शेवट ठाऊक असताना, पडद्यावरील त्या राष्ट्रनेत्याचे भाषण प्रथमच नीट ऐकू येते. सर्वांनी एकसारखे असले पाहिजे, असे तो ओरडून सांगत असतो. कुरूप कोण हे ठरविण्याची सत्ता कोणाकडे असते, हा प्रश्न तेथे उभा राहतो. चांगली कलाटणी कथा संपवीत नाही. ती प्रेक्षकाला पुन्हा प्रारंभाकडे पाठवते. वेताळपंचविशीतही कथा संपली म्हणजे वेताळ राजाला प्रश्न विचारतो, आणि श्रोत्याच्या मनात पुष्कळदा कथेहून तो प्रश्नच अधिक काळ राहतो.

याद्यांतून जे सुटते तेही सूचक असते. 8 एप्रिल 1960 च्या ‘द बिग टॉल विश’मध्ये उतारवयाला लागलेला एक मुष्टियोद्धा आणि त्याच्यासाठी मनोभावे इच्छा करणारा एक लहान मुलगा यांची कथा आहे. मुलाच्या इच्छेने हरलेली झुंज जिंकली जाते, पण तो चमत्कार योद्ध्याला मानवत नाही, आणि अविश्वासापोटी तो पुन्हा हरतो. यातील प्रमुख पात्रे कृष्णवर्णीय आहेत, आणि ती कृष्णवर्णीय असण्यावर कथेत एकही व्याख्यान नाही. त्या काळच्या अमेरिकी दूरचित्रवाणीवर ही गोष्ट किती दुर्मिळ होती हे निराळे सांगावयास नको. ज्या लेखकाला चार वर्षांपूर्वी एमेट टिलचा वर्णसुद्धा पडद्यावर आणू दिला गेला नाही, त्याने येथे तो मनुष्य साध्या मनुष्यासारखा पडद्यावर आणला. मात्र शेवटी धक्का नाही म्हणून हा भाग आवडत्या भागांच्या गप्पांत सहसा निघत नाही.

30 ऑक्टोबर 1959 च्या ‘वॉकिंग डिस्टन्स’चे भाग्य त्या मानाने बरे आहे. कामाने थकलेला छत्तीस वर्षांचा जाहिरात-व्यावसायिक आपल्या लहानपणच्या गावी चालत जातो आणि प्रत्यक्ष आपल्या बालपणातच जाऊन पोहोचतो. तेथे त्याचे वडील त्याला ओळखतात आणि ममतेने, पण निश्चयाने, परत जावयास सांगतात. हा उन्हाळा त्या लहान मुलाचा आहे, त्याच्यावर दुसऱ्याचा हक्क नाही. येथे लपविण्यासारखे काहीच नाही, आणि म्हणून शेवट सांगितल्याने काही हरवतही नाही. लहानपणी विमानाच्या पंखावरील राक्षसाचा भाग आवडणारे पुष्कळ प्रेक्षक प्रौढपणी या भागाकडे वळतात, याचे कारण त्यात सापडते.

यावरून कसोटी स्पष्ट होते. कोणत्या भागाने चकित केले, यापेक्षा शेवट ठाऊक असूनही कोणता भाग पुन्हा पाहावासा वाटतो, हे चाहत्यांनी एकमेकांना विचारावे. कथा सांगताना शेवटापाशी घाईने न पोहोचता, त्या गल्लीत पहिला दगड कोणी उचलला हेही सांगावे. सर्लिंगला जे उघडपणे बोलू दिले गेले नाही ते त्याने 92 कथांत झाकून ठेवले. आता त्याला अडविणारा जाहिरातदार उरलेला नाही. ते झाकण दूर करण्याचे काम या कथा एकमेकांना सांगणाऱ्यांकडे आले आहे.