नंदगिरीच्या बागेला कोटी नकोत, दोन माळी द्या

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

परवा पुण्याहून भाचा आलता. नववीत आहे. मोबाईलवर काहीतरी वाचून म्हणाला, "मामा, नांदेडात किल्ला आहे आणि आत सुंदर बाग आहे म्हणे. चला की." पोराचं चुकलं नव्हतं. पर्यटनाच्या माहितीत नंदगिरी किल्ल्याबद्दल वर्षानुवर्षं हेच छापलं जातं. स्टेशनपासून चार किलोमीटर, तीन बाजूंनी गोदावरी, आत बाग आणि पाणीपुरवठ्याची कामं. यातले चार किलोमीटर आणि गोदावरी आजही खरी आहे.

संध्याकाळी गेलो. भिंतीच्या सांदीत पिंपळ उगवलेला, मुळ्यांनी दगड ढकलून दिलेला. कमरेइतकं गाजरगवत, वेड्या बाभळी. बाकड्याच्या नुसत्या टांगा उरलेल्या. बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या किती, ते मोजायच्या भानगडीत पडलो नाही. पोरगा तरी बुरुजाकडं पळाला, नदी बघून खूश झाला. खाली आला आन् विचारतो, "मामा, बाग कुठंय?"

मी म्हणलं, "उभा आहेस ना, हीच."

तिथंच एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. जुन्या नांदेडातले, जवळच राहणारे. म्हणलं, चाचा, रोज येता का? "मैं तो आता हूँ बेटा. पर घर की औरतों को नहीं लाता. अंधेरा होने के बाद कौन बैठता है यहाँ, तुम देख ही रहे हो."

माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. जुन्या नांदेडात फिरून बघा. घराला घर चिकटलेलं, गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकाला मागं घ्यावी लागते. तिथल्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी, लेकरांनी हवा खायला जायचं कुठं? नव्या वस्त्यांत निदान ट्रॅक आहेत, गाडी काढून लांब जायची ऐपत आहे. या लोकांच्या पायाच्या अंतरावर नदीकाठची एवढी मोठी जागा, आणि ती संध्याकाळी सहानंतर पिणाऱ्यांची. बाग उजाड झाली की ती रिकामी राहत नसती राव, तिचा ताबा दुसरं कुणीतरी घेतं.

आता लगेच कमेंटमध्ये लिहाल, "सुशोभीकरणासाठी निधी मिळाला पाहिजे." इथंच माझं भांडण आहे. निधी आला की काय होतं ते आपण बघितलंय. कारंजं, रंगीत लाईट, कमान, फीत कापायची, फोटो. सहा महिन्यांनी कारंज्याची मोटर बंद. वर्षानं लाईटचे नुसते खांब. मग दहा वर्षांनी पुन्हा सुशोभीकरण. बांधायला पैसे असतात, कारण बांधण्यात टेंडर असतं. रोज सकाळी झाडू मारणाऱ्या माणसाचं टेंडर कुणाला मोठं वाटत नाही.

कायदा तर उलटं सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं दिलीत. नवी उद्यानं करणं त्यात येतं. केलं तर केलं. पण ताब्यातल्या सार्वजनिक स्मारकांची आणि मोकळ्या जागांची देखभाल कलम 63 मध्ये आहे, म्हणजे बंधनकारक. ऐच्छिक ते हौसेनं आणि बंधनकारक ते सवडीनं, असा कारभार सगळ्याच शहरांत चाललाय.

अर्थात "ताब्यातल्या" हा शब्द फार सोयीचा आहे. एका कार्यालयात मी विचारायला गेलो, तर साहेब म्हणाले ती जागा आमच्याकडं येत नाही, तिकडं विचारा. तिकडं गेलो तर त्यांनी पुन्हा इकडं बोट दाखवलं. दोन्हीकडं चहा मात्र चांगला मिळाला.

पाणी नाही, हे कारण तर कुणी सांगूच नका. लातूरकरांनी 2016 च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय. त्या उन्हाळ्यात तिथली बाग वाळली असेल तर मी मान खाली घालून गप्प बसेन. आपल्या किल्ल्याला तीन बाजूंनी गोदावरी आहे. वरच्या अंगाला विष्णुपुरी आहे. आपली बाग पाण्यावाचून मेली म्हणायला जीभ कशी रेटती?

आणि नांदेडला जमत नाही असंही नाही. 2008 ला गुरु-ता-गद्दीच्या तीनशे वर्षांच्या सोहळ्यासाठी या शहराचे रस्ते बदलले, ते आपण डोळ्यांनी बघितलं. त्याहून मोठी गोष्ट सांगतो. सचखंड गुरुद्वाऱ्यात पहाटे जाऊन बघा. झाडू, पोछा, भांडी घासणं, रोज. उद्घाटन नाही, पाटी नाही. जागा स्वच्छ राहते ती या रोजच्या कामानं. हे किल्ल्यापासून फार लांब नाही, याच गावात आहे.

आता स्वतःबद्दल. वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. बागांच्या, चौकांच्या सुशोभीकरणाच्या किती प्रेसनोटा मी जशाच्या तशा लावल्या असतील देव जाणे. पदविका घेताना शिकवलं होतं, बातमीचा पाठपुरावा करा. उद्घाटनाला गेलो, फाईल कव्हरमधला पेन घेतला, वर्षानं पुन्हा जाऊन बघितलं नाही. तेव्हा बोट दाखवताना तीन बोटं माझ्याकडं आहेत, हे ठाऊक आहे.

मागणी एवढीच. दोन कायमचे माळी, एक राखणदार दोन पाळ्यांत, चालू असलेले दिवे आणि बायकांसाठी कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह. भिंतीतले पिंपळ मात्र कुऱ्हाडीनं ओढून काढू नका, दगड निघतील. ते जाणकार माणूस बोलावून करायचं काम आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज आज टाकतोय, दहा रुपयांचा. जागा कुणाच्या ताब्यात, गेल्या पाच वर्षांत देखभालीवर खर्च किती, आणि माळी कोण, एवढंच विचारलंय. तीस दिवसांत उत्तर द्यायला हवं. आलं तर आहे तसं इथं टाकतो, नाही आलं तर अपिलाची तारीख टाकतो. कुणाकडं बागेचे जुने फोटो असतील, घरच्यांसोबतचे, तर कमेंटमध्ये टाका. भाच्याला दाखवायचेत. त्याला अजून वाटतंय मामानं चुकीच्या किल्ल्यावर नेलं.