शब्दांच्या वाटेवर : चोरदिंडी

बोलण्यातून हळूच निघून गेलेला एखादा शब्द हाताला धरून परत आणायचा, हा या सदराचा नेम. यंदाचा शब्द गडावरचा आहे : चोरदिंडी.

आधी नुसती 'दिंडी' पाहू. शाळेत शिकवत होते तेव्हा हा शब्द फळ्यावर लिहिला की अख्खा वर्ग एका सुरात 'पंढरपूर!' म्हणायचा. बरोबरच आहे. वारकऱ्यांची दिंडी सगळ्यांच्या ओळखीची. कवितेचं व्याकरण शिकलेल्यांना दिंडी नावाचं वृत्तही आठवेल. तिसरी दिंडी मात्र दाराची. मोठ्या दरवाज्याच्या फळीतच कापलेलं छोटं दार म्हणजे दिंडी. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेले ते प्रचंड दार रोज कोण उघडणार? रोजची ये-जा दिंडीतून. माणूस एकेकटा आणि वाकूनच आत येणार, म्हणजे पहारेकऱ्याचं काम सोपं.

गडावर हीच दिंडी दरवाज्यातून निघून तटात गेली. तटबंदीत, सहज दिसणार नाही अशा जागी ठेवलेली लहानशी वाट म्हणजे चोरदिंडी. यातला 'चोर' ऐकून दचकू नका. चोरखिसा चोराचा नसतो, उलट चोरापासून पैसे वाचवायला असतो. चोरकप्पा, चोरवाट, चोरपावलं, सगळीकडे 'चोर' म्हणजे लपलेलं, कुणाला कळू न देता केलेलं. इंग्रजीत याला 'पोस्टर्न' म्हणतात. अमेरिकेतल्या जुन्या किल्ल्यांवर 'सॅली पोर्ट' अशी पाटी दिसते. त्या शब्दात बाहेर पडून शत्रूवर तुटून पडण्याचा भाव आहे. आपल्या शब्दात आहे तो लपण्याचा.

रायगडावर चोरदिंडी आजही पाहता येते. महादरवाज्यापासून टकमक टोकाकडे जाणाऱ्या तटावरून चालत गेलं की तट संपण्याच्या थोडी अलीकडे ती आहे. बुरुजाच्या आतून दारापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत. रोपवेने वर जाऊन समाधीचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांना ती सहसा दिसत नाही. चोरदिंडीच ती!

हा शब्द कागदावर भेटतो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. शिवछत्रपतींच्या काळापासून कारभार पाहिलेल्या या माणसाने इ. स. १७१५-१६ च्या सुमारास राज्य कसं चालवावं ते लिहून ठेवलं. त्यातल्या गडकोटांच्या प्रकरणात ते सांगतात, की गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष आहे. गड पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, तशाच चोरदिंड्याही ठेवाव्यात. पण रोजच्या वहिवाटीला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात.

मला यातली शेवटची सूचना फार आवडते. आधी वाट करायची आणि मग ती स्वतःच दगडांनी बंद करायची! पण चिणलेली वाट भिंतीत असतेच. वेळ आली की ती कुठे आहे ते माहीत असलेला माणूस दगड काढतो. ती शांततेच्या दिवसांतच बांधावी लागते, कारण वेढा पडल्यावर दार पाडायला सवड नसते.

पंतांचं हे पुस्तकी ज्ञान नव्हतं. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगडाला मोगलांचा वेढा पडला. येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज थोड्या माणसांनिशी गडावरून निसटले. कुशावर्त तलावाच्या खालच्या घळीतल्या वाघ दरवाज्याने ते उतरले, असं सांगतात. त्या दाराने वर चढणं जवळजवळ अशक्य, दोर लावून उतरणं मात्र शक्य. नावाने दरवाजा, कामाने चोरदिंडी. तिथून प्रतापगड, पन्हाळा आणि पुढे थेट तामिळ मुलखातली जिंजी. परक्या भाषेच्या प्रदेशात आठ-एक वर्षं मराठी राज्याची गादी तिथे राहिली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आहेत. बारावा हाच, जिंजी.

आणि येसूबाई? त्या लहानग्या शाहूला घेऊन मागे राहिल्या. गड लढत राहिला म्हणून निसटलेल्यांना सवड मिळाली. नोव्हेंबरात रायगड पडला, मायलेक कैद झाले. शाहू महाराज १७०७ मध्ये सुटले, येसूबाई १७१९ मध्ये. तीस वर्षं! दिंडीतून थोडेच बाहेर पडू शकतात आणि ते पडावेत म्हणून मागे कुणीतरी महादरवाजा लढवत असतो.

आपण काही वेढ्यातून निसटलो नाही, व्हिसाचा शिक्का घेऊन उजळ माथ्याने आलो. तरीही हा इतिहास वाचताना मला साताऱ्याला आजीच्या उशापायथ्याशी असलेली माझी वहिनी आठवते. दवाखाना, औषधं, पाहुणे, गणपती, सगळं तीच बघते. म्हणूनच मी इथे चँडलरला बसून शब्दांवर लिहू शकते. तुमच्याही घरी अशी कुणी ना कुणी असेलच. या दिवाळीत फराळाचा फोटो पाठवून झाला की तिला एक निवांत फोन करा.

शब्द वापरायचा कुठे, म्हणाल तर जागा पुष्कळ आहेत. चँडलरमध्ये पुढचं दार फक्त पार्सलवाल्यासाठी, घरची माणसं गॅरेजमधूनच येतात. मागच्या दारात कुत्र्यासाठी कापलेलं झुलतं दार तर अस्सल दिंडी! आणि मुलांबरोबर अंगणात किल्ला कराल तेव्हा इथल्या कॅलिचीच्या दगडासारख्या मातीला आदल्या रात्री भरपूर पाणी द्या. मावळे मांडा, हळीव पेरा, महादरवाजा करा. मग मागच्या बाजूला काडीने एक भोक पाडा आणि विचारा, "हे काय?" उत्तर येईपर्यंत सांगू नका.

पुढच्या दिवाळीला भेटूच, नवा शब्द घेऊन.