साहेब नाही, मस्टर नाही

घरून काम म्हणजे स्वातंत्र्य, असं फ्रीलान्सर मित्र सांगू लागले की मला एटापल्ली आठवते. लॅपटॉप यायच्या कितीतरी आधीपासून तिथे हेच चाललंय. मे महिन्यात पहाटे जंगलात जायचं, तेंदूची पानं तोडून आणायची, घरी ओसरीत बसून ७०-७० पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. साहेब नाही, मस्टर नाही. लेकरू डोळ्यांसमोर खेळतंय. सोय आहेच, नाही कशाला म्हणा?

पण मजुरी पुडक्यावर, तासावर नाही. ताप आला की कमाई बंद. घरातली म्हातारी, शाळकरी पोर सगळे हात लावतात, त्यांचा हिशेब वेगळा कोण धरतो? आता सांगा, रात्री दोन वाजता फाइल पाठवणाऱ्या आपल्या मित्राचं यात वेगळं काय? दर तर समोरचाच ठरवतो!

फरक पुढे आहे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावरचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. ओसरी तीच, काम तेच, पण भाव गाव बोलतं. ठेकेदाराने पैसे थकवले तरी मागायला एकटी बाई जात नाही.

आपण मात्र एकेकटे घासाघीस करतो आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणतो. घरून काम खुशाल करा हो. फक्त दर एकट्याने ठरवायला बसू नका.